कॅनडाचे पीआर आणि ठाण्यातला मुक्काम : ७३० दिवसांचा हिशेब कसा सांभाळावा

नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन हिशेब चालतात. निळ्या पेनाने दुधाचे खाडे मांडलेले असतात आणि लाल पेनाने माझे. मी कॅनडाचा कायम रहिवासी, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘पीआर’, आहे. आई मात्र ठाण्यातच असते, त्यामुळे दरवर्षी काही आठवडे आणि एखाद्या वर्षी काही महिने मी इथे येऊन राहतो. जितके दिवस इथे, तितके खाडे तिकडच्या हजेरीत. हे खाडे किती झाले आणि आणखी किती परवडतील, हे ज्याला कोणत्याही दिवशी कागद न शोधता सांगता येते त्याला पीआर टिकवणे अवघड जात नाही. ज्याला ते सांगता येत नाही, तो कार्डावरच्या मुदतीकडे पाहून निश्चिंत राहतो आणि नेमका तिथेच फसतो.

ठाणे आणि नवी मुंबईतून दरवर्षी बरीच कुटुंबे कॅनडाला जातात. त्यांतली काही आठवडाभराचे ‘सॉफ्ट लँडिंग’, म्हणजे पीआर म्हणून पहिल्यांदा तिथे उतरण्याची औपचारिकता (लँडिंग) तेवढी, करून परत येतात, काही आईवडिलांच्या आजारपणासाठी मध्येच येतात, तर काहींचे ऐरोलीच्या किंवा घोडबंदर रोडच्या कंपनीतले काम सुटत नाही. नुकतेच पीआर मिळालेल्या अशा वाचकांसाठी हा लेख क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी : अट नेमकी काय आहे ते समजून घेणे

कॅनडाच्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन अ‍ॅक्ट या कायद्याच्या २८व्या कलमात ही अट आहे. पाच वर्षांच्या कालावधीत किमान ७३० दिवस कॅनडात प्रत्यक्ष हजर असावे लागते, किंवा परदेशातले दिवस कायद्याने दिलेल्या मोजक्या सवलतींत बसावे लागतात. हे दिवस सलग असण्याची गरज नाही. दोन-दोन महिन्यांचे तुकडे जोडून ७३० झाले तरी चालतात. दिवसाचा थोडासा भाग कॅनडात गेला तरी तो पूर्ण दिवस धरला जातो, म्हणून निघण्याचा दिवस आणि पोहोचण्याचा दिवस हे दोन्ही हजेरीत पडतात.

ही शेवटची गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, पण हिशेबातल्या बहुतेक चुका इथेच होतात. समजा, १० तारखेला रात्री टोरांटोहून विमान निघाले, मध्ये एकदा बदलावे लागले आणि १२ तारखेला पहाटे तुम्ही मुंबईत उतरलात. पासपोर्टवर शिक्का १२ तारखेचा बसतो आणि पुढे फॉर्म भरताना हात आपोआप तीच तारीख लिहितो. प्रत्यक्षात १० तारीख हजेरीत आहे आणि खाडा ११ पासून सुरू झाला आहे. परतीच्या प्रवासात उलटे होते : मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेले विमान घड्याळातल्या फरकामुळे बहुधा त्याच तारखेला तिकडे पोहोचते आणि तो दिवस पदरात पडतो. तेव्हा हिशेबासाठी कॅनडातून निघाल्याची आणि कॅनडात पोहोचल्याची तारीखच घ्यावी. सहार विमानतळावरचा शिक्का केवळ पुरावा म्हणून जपावा.

इथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. तुम्ही ठाण्याला आलात की कुणी ना कुणी ‘सहा महिन्यांच्या आत परत जायला हवे ना?’ असे विचारतेच. विचारणाऱ्याचा मुलगा बहुधा न्यू जर्सीत असतो. अमेरिकेच्या ग्रीन कार्डधारकांना लांबलेल्या एकेका गैरहजेरीचा जाब द्यावा लागतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठीच्या सलग वास्तव्यावर प्रश्न उभा राहतो आणि वर्षाच्या पुढे गेल्यास कार्डच धोक्यात येते. कॅनडाच्या पीआरला एका खेपेची अशी मर्यादा नाही, तिथे एकूण बेरीज पाहिली जाते. मात्र ओंटारियोच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी कोणत्याही १२ महिन्यांत १५३ दिवस त्या प्रांतात असावे लागते, कॅनडाच्या नागरिकत्वासाठी अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात आणि भारतीय आयकराचा १८२ दिवसांचा हिशेब तर आणखी निराळा. हे चारही आकडे वेगवेगळ्या कायद्यांतले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावू नये.

दुसरी पायरी : पाच वर्षे कुठून मोजायची ते ठरवणे

पीआर कार्ड साधारणपणे पाच वर्षांचे असते, म्हणून कार्डाची मुदत म्हणजेच हिशेबाची मुदत असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कार्ड लँडिंगनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी छापले जाते आणि त्याची पाच वर्षे छापल्यापासून सुरू होतात. हिशेब मात्र तुम्ही ज्या दिवशी कायम रहिवासी झालात त्या दिवसापासून सुरू होतो. ही तारीख ‘कन्फर्मेशन ऑफ पर्मनंट रेसिडन्स’ या कागदावर असते. तो कागद जपून ठेवावा आणि त्याची एक प्रत ठाण्याच्या घरीही असावी.

पीआर होऊन पाच वर्षे झाली नसतील, तर अधिकारी असे पाहतो की आतापर्यंतचे दिवस आणि पाचव्या वर्धापनदिनापर्यंत उरलेले दिवस मिळून ७३० भरू शकतात का. भरू शकत असतील तर अट पाळली जाते आहे असेच धरले जाते. पाच वर्षे उलटल्यावर हा भविष्यकाळ संपतो. त्यानंतर ज्या दिवशी तपासणी होईल त्या दिवसापासून मागची पाच वर्षे मोजली जातात आणि ही चौकट रोज एकेक दिवस पुढे सरकते.

तिसरी पायरी : प्रत्यक्ष आकडेमोड

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाचपाखाडीतल्या एका बाईंनी १२ जून २०२२ रोजी टोरांटोला लँडिंग केले. त्या २० नोव्हेंबर २०२२ पर्यंत तिथे राहिल्या, म्हणजे दोन्ही दिवस धरून १६२ दिवस. मग ठाण्यात सासूबाईंचे पक्षाघाताचे आजारपण निघाले आणि त्या थेट ४ मार्च २०२५ रोजी परतल्या. त्यानंतर १० डिसेंबर २०२५ पर्यंत त्या तिथे होत्या, म्हणजे २८२ दिवस. एकूण ४४४ झाले. आता त्या पुन्हा ठाण्यात आहेत.

त्यांची पहिली पाच वर्षे ११ जून २०२७ रोजी पूर्ण होतात. मधले २०२४ हे लीप वर्ष धरून या काळात १,८२६ दिवस आहेत. म्हणजे ७३० वजा जाता १,०९६ दिवस बाहेर राहण्याची मुभा होती. त्यांना आणखी २८६ दिवस हवे आहेत. ११ जून २०२७ पासून मागे मोजत गेल्यास २०२७ सालातले १६२ दिवस मिळतात आणि उरलेले १२४ दिवस २०२६च्या शेवटाकडून घ्यावे लागतात. ते मोजत मागे आले की तारीख निघते ३० ऑगस्ट २०२६. त्या दिवशी त्या कॅनडात उतरल्या आणि पुढे एकदाही देशाबाहेर गेल्या नाहीत, तर अट जेमतेम पूर्ण होते.

‘जेमतेम’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. तिकीट मिळाले नाही, विमान रद्द झाले, एखादी तारीख सिद्ध करता आली नाही, तर अट मोडली. याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ११ जून २०२७ ला ७३० भरले म्हणून बाईंनी दुसऱ्याच दिवशी ठाण्याचे तिकीट काढले, तर चौकट पुढे सरकू लागते आणि २०२२च्या उन्हाळ्यातले ते १६२ दिवस मागून एकेक करून गळू लागतात. बाहेर काढलेल्या प्रत्येक दिवसागणिक हजेरीतला एक जुना दिवस कमी होतो आणि नवा काही जमा होत नाही. त्या १२ जूनला टोरांटोहून निघाल्या, तर तो दिवस हजेरीत धरूनही दोन-तीन दिवसांतच आकडा ७३०च्या खाली गेलेला असेल. लँडिंग करून काही महिने राहिलेल्या आणि मग मोठी गैरहजेरी पडलेल्या प्रत्येकाला हा सापळा लागू आहे. यामुळेच ‘पहिली तीन वर्षे ठाण्यात काढू, मग दोन वर्षे तिकडे’ हा बेत मला पसंत नाही. कायद्यात तो बसतो, पण त्यात चुकायला जागाच उरत नाही. माझ्या मते किमान ६० दिवसांची शिल्लक हाताशी असावी.

आकडेमोडीसाठी मोबाइलमधले अ‍ॅप किंवा एक्सेल कोणतेही वापरावे; मी स्वतः साध्या वहीत चार रकाने आखतो : निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, गंतव्य देश आणि कारण. परतीचे तिकीट काढण्याआधी पुढच्या तारखेला मागची पाच वर्षे कशी दिसतील, हे एकदा मांडून पाहावे.

चौथी पायरी : पुरावा साठवणे

अट पाळली हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर असते. सरकारकडेही नोंदी असतात : जमिनीवरून अमेरिकेत जाणाऱ्या-येणाऱ्यांची माहिती दोन्ही देश एकमेकांना देतात आणि २०२० पासून विमानाने कॅनडाबाहेर जाणाऱ्यांचीही नोंद सीमा सेवा संस्थेकडे जमा होते. आपला प्रवास-इतिहास त्या संस्थेकडे रीतसर अर्ज करून मागवता येतो. मोठ्या गैरहजेरीनंतर कार्डाचा अर्ज करण्यापूर्वी तो मागवून आपल्या वहीशी ताडून पाहावा, कारण अधिकाऱ्यासमोर तोच उघडलेला असतो.

माझी चूक इथे सांगणे उपयोगी ठरेल. पहिल्यांदा कार्डाचे नूतनीकरण करताना मी भारतातल्या सगळ्या फेऱ्या अगदी दिवसासकट लिहिल्या. पण मावसभावाच्या गाडीतून लाँग वीकेंडला न्यू जर्सीला गेलो होतो, ते तीन रात्रींचे जाणे साफ विसरलो. विमान नाही, बोर्डिंग पास नाही, पासपोर्टवर शिक्काही नाही, त्यामुळे आठवण करून देणारे काहीच नव्हते. माझे दिवस भरपूर शिल्लक होते, तरीही तीन दिवसांच्या विसंगतीबद्दल खुलाशाचे पत्र आले आणि अर्ज कित्येक आठवडे रखडला. तेव्हापासून गाडीने केलेला प्रवासही त्याच रात्री वहीत उतरवतो.

पासपोर्टच्या शिक्क्यांवर विसंबू नये. कॅनडाच्या विमानतळांवर बहुतेक काम आता यंत्रावर होते आणि पीआरच्या पासपोर्टवर शिक्का बसेलच असे नाही. मुंबईत भारतीय पासपोर्टवर शिक्का बसतो, पण तो एकावर एक उमटलेला किंवा अर्धवट असू शकतो. म्हणून प्रत्येक प्रवासानंतर बोर्डिंग पासचा फोटो, ई-तिकीट आणि शिक्क्याच्या पानाचे स्कॅन एकाच फोल्डरमध्ये टाकावे. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नवा पासपोर्ट काढलात की जुना पासपोर्ट रद्द केल्याची खूण करून परत दिला जातो. तो माळ्यावरच्या ट्रंकेत न टाकता नव्यासोबतच ठेवावा, कारण पाच वर्षांचा हिशेब सहसा दोन पासपोर्टांत विभागलेला असतो.

प्रवासाच्या नोंदी तुम्ही कधी गेलात-आलात एवढेच सांगतात. मधल्या काळात तुम्ही खरोखर तिथे राहत होतात हे दाखवायला घरभाड्याचा करार, नोकरीतले टी-फोर (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), कर विभागाची ‘नोटीस ऑफ असेसमेंट’, मुलांच्या शाळेची पत्रे, डॉक्टरांच्या भेटींच्या नोंदी आणि बँकेची विवरणे लागतात. बँकेचे विवरण विशेष बोलके असते : कॅनडातले म्हणून सांगितलेल्या महिन्यात त्याच कार्डावर ठाण्याच्या दुकानांत खरेदी दिसली, तर प्रश्न विचारला जाणारच.

पाचवी पायरी : बाहेर राहूनही मोजले जाणारे दिवस

कायदा तीन प्रसंगी परदेशातले दिवस हजेरीत धरतो. पहिला प्रसंग म्हणजे कॅनडाचा नागरिक असलेल्या पती, पत्नी किंवा कॉमन-लॉ (लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या) जोडीदारासोबत बाहेर राहणे. पीआर स्वतः मूल असेल, तर नागरिक असलेल्या आईबरोबर किंवा वडिलांबरोबर राहणे. इथे मूल म्हणजे २२ वर्षांखालील आणि स्वतःचा जोडीदार नसलेले. दुसरा प्रसंग म्हणजे कॅनडातल्या व्यवसायाने किंवा तिथल्या केंद्र अथवा प्रांत सरकारने पूर्णवेळ कामासाठी बाहेर पाठवणे. तिसरा म्हणजे अशा रीतीने पाठवलेल्या पीआर जोडीदारासोबत किंवा पालकासोबत राहणे.

पहिल्या सवलतीची दिशा उलटी लावण्याची चूक आपल्याकडे वारंवार होते. बाळ कॅनडात जन्मले, म्हणून ते नागरिक. आई पीआर आहे आणि बाळंतपणानंतर दोन वर्षे माहेरी, नेरूळला आली आहे. ‘मी नागरिक असलेल्या मुलासोबत आहे, म्हणजे माझे दिवस मोजले जातील’ असे तिला वाटते. मोजले जात नाहीत. मुलाला नागरिक पालकाचा आधार मिळतो, पालकाला नागरिक मुलाचा मिळत नाही. नवरा नागरिक असेल आणि तोही नेरूळला सोबत राहत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा विवाहाचा दाखला, त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा आणि दोघे एकाच पत्त्यावर राहत होते हे दाखवणारे कागद जमवावेत. आणखी एक ध्यानात असू द्यावे : या सवलतीतले दिवस पीआर टिकवायला उपयोगी पडतात, नागरिकत्वाच्या १,०९५ दिवसांत ते धरले जात नाहीत.

नोकरीची सवलत ऐकायला सोपी आणि सिद्ध करायला कठीण आहे. व्यवसाय खरोखर कॅनडात चालणारा हवा, तुमच्या पीआरची सोय करण्यापुरता उभारलेला नको. त्याने तुम्हाला नोकरीची अट म्हणून पूर्णवेळ बाहेरच्या जागी, संलग्न कंपनीत किंवा ग्राहकाकडे नेमलेले हवे. टोरांटोच्या कंपनीत नोकरी आहे आणि साहेबाने ‘काही महिने घरून काम कर’ म्हटल्यावर तुम्ही हिरानंदानी इस्टेटमधल्या घरी लॅपटॉप उघडून बसलात, तर ती नेमणूक ठरत नाही. ऐरोलीच्या भारतीय कंपनीची एक शाखा कॅनडात आहे म्हणून ऐरोलीतली तुमची नोकरी कॅनडाची होत नाही. खरी नेमणूक असेल तर कंपनीच्या अधिकृत व्यक्तीच्या सहीचे पत्र निघण्याआधीच घ्यावे. त्यात तुमचे पद, कामाचे स्वरूप, नेमणुकीचा कालावधी, नोकरी पूर्णवेळ असल्याचा उल्लेख आणि कंपनी कॅनडात काय व्यवसाय करते हे स्पष्ट लिहिलेले असावे. नेमणूक संपल्यावर कॅनडात परत घेण्याची हमी त्यात असेल तर पत्राला वजन येते. नोकरी सुटल्यावर असे पत्र मिळवणे किती जिकिरीचे असते, हे ज्यांनी केले आहे तेच सांगू शकतील.

सहावी पायरी : कार्डाची मुदत आणि परतीचे विमान

कार्ड संपले म्हणून पीआर संपत नाही. पण विमान कंपनीला पीआरचा दर्जा कार्डावरूनच कळतो, आणि मुदत संपलेले कार्ड घेऊन मुंबई विमानतळाच्या काउंटरवर गेलात तर बोर्डिंग पास मिळत नाही. म्हणून ठाण्याला निघण्याआधी कार्ड परतीच्या तारखेच्या पुढे चालते ना, हे पाहावे. मुदत संपायला नऊ महिन्यांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्याचे शुल्क ५० डॉलर आहे. हा अर्ज कॅनडात असतानाच करायचा असतो आणि कार्ड कॅनडातल्या पत्त्यावरच येते. मित्राच्या पत्त्यावर कार्ड मागवून ठाण्यातून अर्ज करण्याची युक्ती काही लोक सांगतात. ती खोटी माहिती देणे ठरते आणि त्याचा परिणाम दिवस कमी पडण्यापेक्षा वाईट होऊ शकतो.

नव्याने लँडिंग केलेल्यांनी आपला कॅनडातला पत्ता १८० दिवसांच्या आत कळवावा. त्यानंतर पहिल्या कार्डासाठीही वेगळा अर्ज आणि शुल्क लागते.

कार्ड हरवले, संपले किंवा सॉफ्ट लँडिंगनंतर हातात आलेच नाही, तर ठाण्यात बसून ‘पर्मनंट रेसिडंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट’साठी अर्ज करावा. त्याचेही शुल्क ५० डॉलर आहे. अर्ज मंजूर झाल्यावर पासपोर्ट मुंबईच्या व्हिसा अर्ज केंद्रामार्फत द्यावा लागतो. साधारणपणे ते एकाच प्रवेशासाठी असते. हा अर्ज हातात आला की अधिकारी तुमचा ७३० दिवसांचा हिशेब तपासतो. त्यामुळे दिवस कमी असतील तर हा अर्ज म्हणजे स्वतःहून तपासणीला बोलावणे होय, आणि तो करण्याआधी पुढची पायरी वाचावी. पीआर व्यक्ती खासगी गाडीने अमेरिकेच्या जमिनीवरच्या सीमेवरून कार्डाशिवायही येऊ शकते, पण त्यासाठी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आधी हवा.

सातवी पायरी : दिवस कमी पडत असतील तर

अट मोडली म्हणून पीआर आपोआप जात नाही. त्यासाठी अधिकाऱ्याचा निर्णय लागतो. हातात चालू कार्ड असेल, तर सर्वांत चांगला मार्ग म्हणजे शक्य तितक्या लवकर परतणे. विमानतळावर अधिकारी प्रश्न विचारू शकतो, अहवाल लिहू शकतो आणि त्यातून देश सोडण्याचा आदेश निघू शकतो; परंतु पीआर असेपर्यंत तुम्हाला आत घ्यावेच लागते. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येते. अहवाल न होता आत घेतले गेले, तर कार्डाच्या नूतनीकरणाची किंवा कुणाला प्रायोजित करण्याची घाई करू नये. पुन्हा ७३० भरेपर्यंत तिथेच राहावे आणि मग अर्ज करावा. अहवालानंतरचे दिवस मात्र, अपील जिंकल्याशिवाय, हिशेबात धरले जात नाहीत.

ठाण्यातून केलेला ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज दिवस कमी म्हणून नाकारला गेला, तर अपिलाला ६० दिवस मिळतात. तपासणीआधीच्या ३६५ दिवसांत तुम्ही एकदा तरी कॅनडात होतात असे दाखवता आले, तर अपील चालू असताना परत जाण्यासाठी हा कागद मिळू शकतो. म्हणून गैरहजेरी लांबणार असे दिसत असेल, तर वर्ष पुरे होण्याआधी आठवडाभर का होईना तिकडे जाऊन येणे खर्चिक असले तरी शहाणपणाचे आहे.

मानवतावादी आणि सहानुभूतीच्या कारणांवर अट शिथिल करता येते. किती दिवस कमी पडले, का पडले, परत जायचा प्रयत्न केव्हा केला, कॅनडात नाती, नोकरी, घर काय आहे, आणि मुलांचे हित कशात आहे हे पाहिले जाते. ‘आई आजारी होती’ हे एक वाक्य पुरत नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईंनी सासूबाईंच्या पक्षाघाताची डिस्चार्ज समरी, फिजिओथेरपीच्या तारखांची पावती-पुस्तिका, घरात दुसरे कोणी काळजी घेणारे का नव्हते याचे स्पष्टीकरण आणि प्रकृती सुधारल्यावर लगेच काढलेले परतीचे तिकीट, हे सगळे एका सलग कालक्रमाने मांडले, तर अधिकाऱ्याला ती दोन वर्षे डोळ्यांसमोर उभी राहतात. आजारपण सहा महिन्यांत निभावले आणि पुढचे दीड वर्ष कारण नसताना गेले, तर कागदच ते उघड करतील. मराठीतले कागद जसेच्या तसे पाठवू नयेत. त्यांचे इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. घरातल्या कुणी केलेले भाषांतर चालत नाही, मग भाची इंग्रजीची प्राध्यापिका का असेना.

ज्येष्ठांपुरती एक वेगळी वाट

मुलाने प्रायोजित केल्यामुळे पीआर मिळालेले आईवडील हा आपल्या भागातला मोठा गट आहे. त्यांना जानेवारीतला बर्फ सोसत नाही, ठाण्यातला तलावपाळीचा फेरा आणि ओळखीचे डॉक्टर सुटत नाहीत, आणि दर दोन-तीन वर्षांनी ७३०चा धाक घेऊन विमानात बसणे त्यांना नकोसे होते. अशा वेळी दर्जा आपणहून सोडण्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व असल्याचा पुरावा लागतो आणि भारतीय पासपोर्ट त्याला पुरतो. पीआर सोडल्यावर ते व्हिजिटर व्हिसासाठी किंवा आईवडील व आजीआजोबांसाठीच्या सुपर व्हिसासाठी अर्ज करू शकतात; जुलै २०२२ पासून सुपर व्हिसावर एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाचे किंवा नातवंडाचे पुरेसे उत्पन्न आणि किमान १,००,००० डॉलरचा आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि हा विम्याचा खर्च सत्तरीनंतर बराच वाढतो, तो आधी विचारून घ्यावा. सरकारी आरोग्य सेवेचा हक्क पीआरबरोबरच जातो, हेही घरात बसून नीट बोलावे. दर्जा सोडल्याचा लेखी निर्णय हाती येईपर्यंत व्हिसाचा अर्ज करू नये, कारण पीआर असलेल्या व्यक्तीला व्हिजिटर व्हिसा दिला जात नाही.